विटांत गेलेली ठेव

होविता मोन्तान्योच्या घराला गिलावा होता तो फक्त रस्त्याच्या बाजूने. बाकी तिन्ही बाजूंना लाल विटा उघड्या, आणि गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या सळया. अलालाय तळ्याच्या अंगाला आमच्या वस्तीत बहुतेक घरं अशीच आहेत. घर पूर्ण झालं असं इथे कुणी म्हणत नाही. पैसे संपले की गवंडी घरी जातो, पैसे आले की परत येतो. होविताकडे तर गवंड्याची इतकी ये-जा असायची, की शेजारणी त्याला तिच्या घरचा पाहुणा म्हणायच्या.

तिला दोष कसा द्यायचा? तिचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या छपराखाली गेलं होतं. ताराता गावापलीकडच्या खेड्यातून ती पोरवयात कोचाबांबाला आली आणि ला कांचाच्या बाजारात फडक्यावर बटणं, चेन नि दोऱ्याची रिळं मांडून बसली. लग्न झालं, रोसमेरी नावाची मुलगी झाली, आणि नवरा कामासाठी अर्जेंटिनात गेला तो तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. मग आमच्याकडच्या कितीतरी बायका जातात तशी होविताही पोरीला घेऊन इटलीला, बेर्गामोला गेली. तिथे अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं तिने सगळं केलं. सकाळी त्यांच्या खोलीत शिरलं की आधी श्वास चालू आहे ना ते बघायचं आणि मग पडदे सरकवायचे, ही सवय तिला तिथली. पाठदुखी आणि एका जागेपुरते पैसे घेऊन ती परत आली. रोसमेरी तिकडेच राहिली. होविताने जागा घेतली, तळमजला बांधला आणि तो ठेवीवर दिला.

आमच्याकडे घर महिन्याच्या भाड्याने देण्यापेक्षा ठेवीवर देणं लोकांना आवडतं. अँटिक्रेटिको म्हणतात त्याला. राहायला येणारा एकरकमी ठेव देतो, तीही डॉलरमध्ये. मग दोन वर्षं भाड्याचं नाव काढायचं नाही. मुदत संपली की मालकाने ठेव जशीच्या तशी परत करायची आणि समोरच्याने किल्ल्या द्यायच्या. तोवर घर त्याचं, मालकाने उंबरा ओलांडायचा तर विचारून. मालकाला मिळतं ते एवढंच, की दोन वर्षं ती रक्कम त्याच्या हातात असते. शहाणा माणूस ती कुठेतरी व्याजाला लावतो, किंवा धंद्यात घालतो. होविताने विटांत घातली. तळमजल्याच्या ठेवीतून वरचा मजला उभा राहिला, आणि तिथे ती स्वतः राहायला गेली. स्वयंपाकघरात लाल दगडाचा ओटा घातला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा स्वतःचा ओटा झाला होता, आणि पहिल्या महिन्यात ती तो दिवसातून कितीदा पुसायची ते तिचं तिलाच माहीत.

ठेव परत द्यायची वेळ आली की ती नवा माणूस शोधायची आणि त्याची ठेव घेऊन जुन्याची फेडायची. याची टोपी त्याला. वस्तीत सगळेच असं करतात आणि बहुतेकांचं निभावतंही. नवा माणूस मिळतो आहे तोवर सगळं छान.

तळमजल्यावर त्या वेळी दॉन सेनोबियो रोचा आणि त्यांची बायको दोन्या फेलिसा राहत होती. दॉन म्हणजे आमच्याकडे राव, दोन्या म्हणजे बाई. दॉन सेनोबियो लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर. आयुष्यभर ओरुरोचा घाट चढले-उतरले आणि शेवटी बसमधला आपला हिस्सा विकून त्या पैशांची ठेव होविताच्या हातात दिली. म्हणजे त्या माणसाची सगळी कमाई तिच्या वरच्या मजल्यात होती, ओट्यासकट. आवाज मोठा, पोट मोठं, आणि कुणी काही सांगायला गेलं की कपाळाला आठी. दोन्या फेलिसा याच्या अगदी उलट. रविवारी शेंगदाण्याचं सूप केलं की एक वाडगा न चुकता वर जायचा.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी होविता कोवाची धुरी करायची. निखाऱ्यांवर ती वाळकी वनस्पती, साखरेच्या वड्या, थोडी लोकर घालायची आणि धुराचं भांडं घेऊन सगळ्या घरातून फिरायचं, कोपऱ्याकोपऱ्यात पाचामामासाठी चिचा, म्हणजे मक्याची दारू, शिंपडायची. धरणीमातेचं देणं आहे, ते चुकवायचं नाही. ठेवीच्या घरात मालकिणीला शिरता येत नसलं तरी धुरीला कुणी अडवत नाही. जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, ती धुरीला तळमजल्यावर गेली. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं, आणि न्हाणीचं दार ढकलून ती तिथेच थबकली. अंगणातल्या भिंतीवर असायचा तो गॅस गिझर आता न्हाणीत होता, नळाच्या वर. खिडकीला प्लास्टिक ठोकलं होतं आणि कडांना वर्तमानपत्राचे बोळे. तिच्या हातातल्या भांड्यातून धूर वर गेला आणि छताखाली जो बसला तो हलेचना. बाकीच्या घरात तो कुठून ना कुठून वाट काढून गेला होता.

"दॉन सेनोबियो, हा गिझर इथे कसा आला?"

"चालत नाही आला. मी आणला."

"अंगणात काय वाईट होता?"

"अंगणात वाऱ्याने विझतो. अंगाला साबण लावून गार पाण्याखाली उभं राहून बघा एकदा, मग विचारा."

"आणि खिडकी?"

"फेलिसाच्या छातीला वारा सोसत नाही."

"अहो, मागच्या हिवाळ्यात पलीकडच्या गल्लीत ते नवीन जोडपं गेलं ना, ते याच्यानेच. न्हाणीत गिझर, खिडकी बंद. दोघं आंघोळीला गेली ती..."

"गॅस सुटला तर वास येईल. माझं नाक शाबूत आहे."

"हा वेगळा. ज्योत कोंडली की होतो तो. त्याला वास नसतो."

"वास नसतो, मग तुम्हाला कसा कळला?" दॉन सेनोबियो म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले.

होविताने भांडं खाली ठेवलं. घर आपलं आहे, घरात काय लावायचं ते आपण ठरवणार, असं ती बोलली, आणि तिथेच चुकली. दॉन सेनोबियोंच्या कपाळाला आठी पडली.

"मुदत संपेपर्यंत घर माझं आहे, दोन्या होविता. माझी ठेव या टेबलावर ठेवा आणि मग मला सांगा काय कुठे लावायचं ते."

टेबलावर ठेवायला काही असतं तर ती बोलली असती. ती वर आली, लाल ओट्याशी उभी राहिली, आणि ज्या माणसाच्या पैशांवर आपण हात टेकला आहे त्यालाच आपण काही सांगू शकत नाही, हे तिला पहिल्यांदा नीट कळलं. ओटा तिच्या डोळ्यांना त्या दिवशी नकोसा झाला.

पण ती गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने बाहेरच्या भिंतीवरचा गॅसचा कॉक बंद केला. दॉन सेनोबियोंनी तो उघडला आणि त्याच्या पेटीला कुलूप लावलं. मग तिने गॅसवाल्यांना अर्ज दिला. त्यांचा माणूस बिचारा वेळेवर आला, पण गॅसचं मीटर दॉन सेनोबियोंच्या नावावर. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं की घरी कुणी नाही. माणूस हसत हसत निघून गेला. दार उघडायला लावणं काही त्याच्या हातात नव्हतं.

होविता इटलीहून आल्यावर परत बाजारात बसायला लागली होती, आणि तिच्या शेजारच्या गाळ्यावर एन्कार्ना लोकर विकायची. ती होविताची कोमाद्रे, म्हणजे रोसमेरीच्या बाप्तिस्म्यात तिने पोरीला हातात धरलं होतं. असं नातं जुळलं की त्या दोघींत पडदा राहत नाही.

"ऑगस्टमध्ये मुदत संपते ना त्यांची?" एन्कार्ना म्हणाली. "मग तोंड शिवून बस. ऑगस्टमध्ये नवा माणूस बघ, त्याची ठेव घे, याला घालव."

"ऑगस्टपर्यंत थंडी आहे, कोमाद्रे. रोज न्हाणीचं दार लावून बसतात दोघं."

"ती मोठी माणसं आहेत. तुला काय त्यांना आंघोळ घालायची आहे?"

"माझ्या घरात राहतात."

"आणि ऐन हिवाळ्यात ठेव मागितली त्यांनी, तर? डॉलर कुठून आणशील? बँकेत विचारून बघ, तोंड वाकडं करतील." हे मात्र खरं होतं. त्या वर्षी डॉलर बघायला मिळत नव्हते. बँक एक भाव सांगायची, रस्त्यावरचा दलाल त्याच्या दुप्पट, आणि ज्यांनी डॉलरमध्ये ठेवी घेतल्या होत्या त्यांची झोप उडाली होती. "तू गिझरवरून भांडायला जाशील आणि घर गमावून येशील," एन्कार्ना म्हणाली. "मी बोलले नाही असं म्हणू नकोस मग."

फोनवर रोसमेरीनेही तेच सांगितलं. वर तिने इटलीत अशा वेळी काय करतात तेही सांगितलं, वकील करतात म्हणे. होविताने ते ऐकून घेतलं आणि विषय बदलून नातवाच्या दातांचं विचारलं.

रोज सकाळी बाजारात निघताना ती जिन्यावर थांबायला लागली. खालून रेडिओ ऐकू आला, किंवा दॉन सेनोबियोंचं खाकरणं, की मग पुढे जायचं. रेडिओ उशिरा लागला की ती दोन पायऱ्या उतरून कान द्यायची. मनात ती त्या माणसाला शिव्या द्यायची आणि त्याच वेळी त्याचा आवाज यावा म्हणून सांता वेरा क्रूसला हातही जोडायची. घर बांधलं तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की दुसऱ्याचा श्वास ऐकण्याचं कामही आपल्यालाच लागणार आहे.

एका रविवारी शेंगदाण्याचं सूप घेऊन दोन्या फेलिसा वर आल्या आणि दारातच खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. वाडगा होविताने वरच्या वर धरला. आंघोळ करून आल्यापासून डोकं फुटतंय, मळमळतंय, असं त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याशी वाद झाला त्याचा राग अंगात भिनला असेल असंही म्हणाल्या. आमच्याकडे निम्मी दुखणी रागावर ढकलतात. होविताने त्यांना धरून गच्चीवर नेलं, मोकळ्या हवेत बसवलं, शाल पांघरली. जरा वेळाने त्यांच्या गालांवर रंग आला.

"हा राग नाही, दोन्या फेलिसा. ती न्हाणी आहे."

"मला कळतं हो," फेलिसा हळूच म्हणाल्या. "मी त्यांना म्हटलं, काढा तो गिझर. ते म्हणतात, आज तिचं एक ऐकलं की उद्या ठेवीचंही ती म्हणेल तसंच ऐकावं लागेल."

"ठेवीचा काय संबंध?"

फेलिसांनी शालीचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्या भाच्याचं तुम्हाला माहीत नाही. डॉलर दिले होते त्याने. निघताना मालकाने बँकेच्या भावाने आपल्या बोलिव्यानोच्या नोटा हातावर ठेवल्या. निम्मे झाले हो पैसे. तेव्हापासून यांना झोप नाही. रात्री उठून बसतात आणि म्हणतात, आपली ठेव त्या बाईच्या भिंतीत गेली, फेलिसा, भिंत काय परत देणार आपल्याला? बाहेर ओरडतात ना, ते घाबरलेले असतात म्हणून."

होविताला त्या माणसाचा राग आला होता तो कुठेतरी निघून गेला आणि त्याच्या जागी लाज आली. भिंतीत गेली म्हणतात ते खोटं नव्हतंच. वायूचं कितीही समजावलं तरी या माणसाच्या कानात शिरणार नव्हतं, कारण त्याचे कान दुसऱ्याच गोष्टीकडे लागले होते. ठेव टेबलावर ठेवा, हे तो भांडण म्हणून बोलला असं तिला वाटलं होतं. तो खरंच तेवढंच मागत होता.

विकायला तिच्याकडे काही नव्हतं. गहाण टाकायचं तर बँकेच्या व्याजाने कंबर मोडली असती. एकच गोष्ट होती जिच्यावर कुणी ठेव देईल, आणि ती त्या गोष्टीत राहत होती.

तिने वरच्या मजल्याच्या खिडकीत पाटी लावली. आठवडाभरात स्पेनहून परत आलेलं एक जोडपं बघायला आलं, ग्रोवेर आणि लिसेत. वालेन्सियात संत्री तोडून, हॉटेलांतल्या खोल्या झाडून पैसे साठवलेले, आणि ते बँकेत ठेवायला जीव धजत नव्हता. लिसेत स्वयंपाकघरात शिरली आणि तिने लाल ओट्यावरून हात फिरवला. होविताने खिडकीबाहेर बघितलं.

"एवढं छान घर का देताय, दोन्या?" लिसेतने विचारलं.

"मला वर आवडतं," होविता म्हणाली. "गच्चीवरून डोंगर दिसतो."

डोंगर दिसत होता, ते खरं होतं. गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली होती, सिमेंटची पोती आणि फावडी ठेवायची. ती तिने झाडली, चुना मारला, पलंग घातला, शेगडी ठेवली. करारात मात्र या वेळी तिने आपल्या अटी घातल्या. गिझर बाल्कनीत, बाहेर, वाऱ्यापासून आडोसा करून जाळीच्या पेटीत बसवायचा, पेटीचा खर्च तिचा, आणि महिन्यातून एकदा मालकीण येऊन बघणार. ग्रोवेरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट तो म्हणाला, "चांगलं आहे की, दुसरे मालक फक्त बल्ब गेला का तेवढं बघतात."

एन्कार्नाने ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. "मालकीण टाकीजवळ आणि भाडेकरू महालात. तुला वेड लागलंय, होविता. सगळी वस्ती हसेल."

"हसू दे. दम लागला की थांबतील."

सही करून, डॉलरचं पाकीट शालीआड धरून ती दुपारी घरी आली, तर फाटकाशी गवंडी उभा. या लोकांना पैशांचा सुगावा कसा लागतो देव जाणे.

"दोन्या, सळया गंजायला लागल्या," तो वर बघत म्हणाला. "सिमेंट अजून महागणार. आत्ता तिसरा मजला टाकलात तर दोन ठेवी अजून येतील. मग तुम्हाला हात हलवायला नको."

खोटं कशाला सांगू, होविता जरा विरघळली. एक पाय फाटकात, एक रस्त्यावर, आणि मनात तिने तिसऱ्या मजल्याच्या खिडक्याही कुठे घ्यायच्या ते ठरवलं. त्या विटांची तिला चटकच होती. मग आतून खालच्या न्हाणीत पाणी सोडल्याचा आवाज आला, आणि तिने गवंड्याला सांगितलं, "सळयांना रंग लावून घे. मजल्याचं नाव काढू नकोस." ती वर गेलीच नाही. सरळ तळमजल्याचं दार वाजवलं.

दॉन सेनोबियोंनी दार अर्धंच उघडलं. "आज धुरी नाही."

"धुरीला नाही आले. आत कोण आहे?"

"फेलिसा. डोकं धुतेय."

"आधी त्यांना बाहेर बोलवा. बाकीचं मग."

तिच्या आवाजात असं काही होतं की त्यांनी हाक मारली. फेलिसा डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या. होविताने टेबलावरची मेणकापडाची घडी सारखी केली आणि पाकीट मधोमध ठेवलं.

"तुमची ठेव. डॉलर दिले होते, डॉलरच आहेत. तुम्ही म्हणालात, टेबलावर ठेवा आणि मग बोला. आता बोलते. गिझर आज अंगणात जाईल आणि खिडकी उघडेल. ते नको असेल तर हे घ्या आणि घर रिकामं करा. मला तुम्ही जायला नको आहात. पण इथे तुम्ही मरायलाही नको आहात."

दॉन सेनोबियो खुर्चीत बसले. पाकिटाला त्यांनी हात लावला नाही. त्याचा कोपरा वाकला होता, तो तेवढा बोटाने सरळ केला.

"मला वाटलं होतं विटांत गेली," ते म्हणाले.

"विटांतच गेली होती."

"मग हे?"

"माझा मजला दिला."

"कुणाला दिला? तुम्ही कुठे राहणार?"

"वर. टाकीजवळ."

त्यांनी बायकोकडे बघितलं. फेलिसा टॉवेलच्या टोकाने डोळे पुसत होत्या, पण बोलल्या त्या चांगल्या खणखणीत. "बघताय काय? पाना तिकडे कोनाड्यात आहे."

एवढा मोठा माणूस उठला आणि त्याने कोनाड्यातला पाना घेतला. न्हाणीत आधी प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला, मग वर्तमानपत्राचे बोळे एकेक करून बाहेर येऊन पडले, आणि थंडगार वारा घरभर शिरला. गॅसच्या पेटीचं कुलूप त्यांनीच काढलं. गिझर अंगणात नीट बसवायला रीतसर गॅसचा माणूस बोलवायचा असं ठरलं, आणि या वेळी घरी कुणीतरी असेल असं दॉन सेनोबियोंनी खाली मान घालून सांगितलं. गिझर तोवर अंगणात फरशीवर पडून होता. तो बसेपर्यंत आंघोळीला चुलीवर पाणी तापवू, फेलिसा म्हणाल्या.

पाकीट मात्र टेबलावरच होतं.

"हे राहू दे तुमच्याकडे," दॉन सेनोबियो हात पुसत म्हणाले. "आहे ते बघितलं. आता मला झोप लागेल. आम्ही कुठे जात नाही."

"माझ्याकडे नको," होविता म्हणाली.

"का?"

"माझ्याकडे राहिले तर आठवड्यात भिंत होईल त्यांची. मी मला ओळखते."

फेलिसा हसल्या, आणि मग दॉन सेनोबियोही. त्यांना हसताना होविताने तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. खालचा एक दात नव्हता.

मग बराच खल झाला. खात्यात भरले तर काढताना डॉलर मिळतील याची खात्री कुणीच देईना. गादीखाली ठेवणं फेलिसांना पसंत नव्हतं. शेवटी होवितानेच तोडगा काढला. बँकेत लॉकर घ्यायचा, तिच्या आणि दॉन सेनोबियोंच्या नावाने, आणि दोघं हजर असल्याशिवाय तो उघडायचा नाही. म्हणजे तिला विटांची हुक्की आली तरी हात पोचणार नाही, आणि त्यांना रात्री भीती वाटली तर सकाळी तिला घेऊन जाऊन बघून येता येईल. एका मजल्याची ठेव यापुढे हाताशी राहील, असं तिने मनाशी ठरवलं. दुसरी विटांत आहे ती आहे, ती काही उपटून काढता येत नाही, पण दोन वर्षांनी ग्रोवेर आणि लिसेत निघाले तर त्यांना द्यायला कुणाच्या टोपीकडे बघावं लागणार नव्हतं. दॉन सेनोबियोंनी हे सगळं दोनदा समजून घेतलं आणि म्हणाले, "बसवाले असंच करतात. एक टायर कायम जास्तीचं. कितीही गर्दी झाली तरी त्याच्या जागी माणूस बसवायचा नाही."

सोमवारी दोघं बँकेत गेले. होविताने बाजारातला गाळा एन्कार्नावर सोपवला होता. दॉन सेनोबियोंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत ते तिच्यापासून जरा अंतर राखून चालत होते, पण चौकात ट्रक आला तेव्हा हात आडवा करून त्यांनी तिला थांबवलं. रांगेत उभं राहून दोघांचे पाय दुखायला आले. खिडकीमागच्या पोरीने ओळखपत्रं घेतली, नावं लिहिली, आणि मान वर न करता विचारलं, "तुमचं दोघांचं नातं काय?"

होविताने दॉन सेनोबियोंकडे पाहिलं. मालकीण म्हणावं तर मालकीण गच्चीवर राहत होती, आणि भाडं तर त्यांनी कधी दिलंच नव्हतं. मागून रांगेतल्या कुणीतरी घसा खाकरला.

"एका घरात राहतो," दॉन सेनोबियो म्हणाले. "त्याला काय म्हणतात ते तूच लिही, पोरी."